पायातला कलश

कळस म्हटलं की मान आपोआप वर जाते. 'पायापासून कळसापर्यंत' असं आपण म्हणतो तेव्हा कळस हे शेवटचं टोक असतं, त्याच्यापुढे फक्त आभाळ. पण नागर, म्हणजे उत्तर भारतीय, वळणाच्या एखाद्या जुन्या दगडी देवळाच्या भिंतीशी उकिडवं बसावं आणि खालून वर थर मोजायला लागावं. भिंत सुरू झाल्यावर तिसऱ्याच थराला कलश भेटतो. आधी खूर, मग कुंभ, मग कलश. कलशावर एक अंधारी खाच आणि तिच्यावर पुढे झुकलेली कपोताली. थरांच्या या संचाला शिल्पशास्त्रात 'वेदीबंध' म्हणतात.

हा शब्द मराठीत फारसा रुळला नाही. मूर्तींच्या खाली जे काही दगडी दिसतं त्याला आपण सरसकट 'जोतं' म्हणून मोकळे होतो. घराच्या बाबतीत ते ठीकच आहे. वाड्याचं जोतं म्हणजे घडीव काळ्या दगडाचा खालचा भाग, त्यावर लाकूड आणि वीट. देवळात मात्र त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडपल्या जातात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर पुढचं काहीच नीट वाचता येत नाही.

सगळ्यांत खाली असते जगती. हा ओटा. तिच्यावर आपण उभे राहतो, चालतो, प्रदक्षिणा घालतो. सिन्नरच्या गोंदेश्वराचं मुख्य देऊळ आणि भोवतीची चार छोटी देवळं अशा एका सामायिक उंच ओट्यावर आहेत, ती जगती. तिच्यावर पीठ, म्हणजे देवळाची बैठक. हे भिंतीच्या रेषेपेक्षा बरंच पुढे आलेलं असतं, पण त्याच्यावर चालता येत नाही. हत्तींच्या रांगा दिसतात त्या याच भागात. पीठ संपलं की भिंत सुरू होते, आणि भिंतीचा पहिला हिस्सा म्हणजे वेदीबंध. मूर्ती असतात तो त्याच्या वरचा पट्टा, जंघा.

गोंधळ होतो तो नेमका इथे. वेदीबंध हा भिंतीखालचा पाया नाही, ती भिंतच आहे. याचा पुरावा आत मिळतो. शास्त्राच्या हिशोबात गाभाऱ्याच्या दाराचा उंबरा बाहेरच्या कुंभाच्या उंचीशी जुळवायचा असतो. फारच उंच होत असेल तर कमी करायची मुभा आहे, पण मोजणी कुंभापासूनच. खांबाच्या तळाचा दगड, ज्याला कुंभी म्हणतात, तोही कुंभाशी समपातळीत. म्हणजे बाहेर पीठ जिथे संपतं तिथे आत फरशी येते आणि बाहेरचा कुंभ दिसतो त्या उंचीला आत उंबरा आणि खांबांचे पाय येतात. आपला 'उंबरा' हा शब्द शास्त्रातल्या 'उदुंबर' या शब्दातूनच आला आहे. देवळात पाऊल टाकताना आपण जे ओलांडतो त्याची उंची बाहेरच्या भिंतीवर कोरून ठेवलेली असते, हे कळल्यावर प्रदक्षिणेची गंमत वाढते. अर्थात अपवाद आहेत. अंबरनाथला गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथे बाहेरच्या थरांवरून आतल्या तळाचा अंदाज बांधायला गेलं तर साफ फसायला होतं.

आता एकेक थर.

खूर म्हणजे अर्थातच जनावराचा खूर. पोथ्यांत 'खुरक' असंही म्हणतात. सपाट, उभा, कमी उंचीचा, बहुधा बिननक्षीचा पट्टा; काही ठिकाणी तळाशी किंचित फाकलेला. दिसायला काहीच नाही, पण सगळ्या भिंतीची पातळी इथे ठरते. त्यावर कुंभ. वेदीबंधातला हा सगळ्यांत उंच दगड. नाव घड्याचं, पण गोल घडा शोधायला गेलं तर सापडत नाही. खालचा मोठा भाग उभाच असतो आणि वरचा खांदा आत वळतो. घड्याचा उभा छेद घेतला तर बाजूची रेषा जशी दिसेल तशी. पुढच्या शतकांत या उभ्या भागावर छोटे कोनाडे करून त्यांत देवता बसवायची पद्धत पडली, त्यामुळे पुष्कळ जण कुंभालाच जंघा समजतात. कोनाड्याच्या वर खांदा वळलेला दिसला की समजावं, हा कुंभ.

कुंभावर कलश: आडवा, अर्धगोल, ओंडका अर्धा चिरून लावावा तसा. दख्खनच्या कितीतरी देवळांत मात्र हा गोल जाऊन त्याची धार झालेली दिसते. दोन उतार एका कडेला भेटतात, सुरीच्या पात्यासारखे. अशा धारेच्या थराला कणी किंवा कर्णिका म्हणतात. माझ्या मते यामागे आपल्या दगडाचा मोठा हात आहे. पांढऱ्या संगमरवरावर किंवा पिवळसर वालुकाश्मावर गोलाईवरून उजेड हळूहळू सावलीत उतरतो आणि तो उतार डोळ्यांना दिसतो. काळ्या बसाल्टवर ती मधली छटा हरवते. गोल दगड लांबून नुसता काळा दिसतो. धार काढली की वरचा उतार उजळतो, खालचा अंधारतो आणि मधली रेघ पन्नास पावलांवरून कळते.

त्यानंतर अंतरपत्र, म्हणजे दोन थरांमधली आत गेलेली खाच. सगळ्यांत कमी उंचीची, सगळ्यांत कमी कोरीव, पण तिच्यावाचून बाकीचे थर एकमेकांत मिसळून जातील. युरोपच्या अभिजात स्थापत्यात खांबाच्या तळाला दोन गोलांमध्ये अशीच एक खोलगट खाच असते. तिचं नाव स्कोशिया, आणि ते ग्रीक भाषेतल्या अंधाराच्या शब्दावरून पडलंय. त्या लोकांनी नाव सावलीवरून ठेवलं, आपल्याकडच्यांनी जागेवरून. काम एकच.

आणि शेवटी कपोताली. कपोत म्हणजे पारवा. पुढे झुकलेला, वरून गोलसर, खाली टोकाला आत वळलेला हा थर म्हणजे खरं तर छपराची वळचण आहे. गवताने शाकारलेल्या छपराची पागोळी गळणारी कड दगडात आणली की जे होईल ते. पारवे वळचणीला बसतात म्हणून हे नाव, असा अर्थ लावला जातो. कपोतालीवर ठरावीक अंतरावर घोड्याच्या नालासारख्या छोट्या कमानी कोरलेल्या असतात, त्या म्हणजे छपराच्या खिडक्या, चंद्रशाला. भिंतीच्या तळाशी छप्पर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नागर देवळात छोट्या देवळांच्या प्रतिमा एकावर एक रचून मोठं देऊळ उभं करतात. त्यामुळे छपराची कड कुठेही उगवू शकते, पायाशीसुद्धा. (खरे पारवेही तिथे बसतात. त्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि कोरीव कडा खाते, हा नामकरणाचा महागडा भाग.)

'वेदीबंध' या नावातली वेदी म्हणजे यज्ञाची. विटांची वेदी बांधताना तळाशी आणि माथ्याशी विटा थोड्या पुढे काढायच्या, मध्ये कंबर आत घ्यायची. बंध म्हणजे त्या बांधणीची पट्टी. देवाला ज्यावर बसवायचं ते वेदीसारखं हवं, म्हणून भिंतीच्या तळाला वेदीचा आकार आला. घड्याचं नातं मात्र दुसरीकडून आलं असावं. कार्ल्याचं चैत्यगृह आठवा. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या त्या दालनातले खांब पायऱ्या-पायऱ्यांच्या बैठकीवर ठेवलेल्या दगडी घड्यांतून वर आलेले आहेत. लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून त्यांचे बुंधे मातीच्या घड्यांत रोवत आणि ती चाल दगडात उतरली, असं स्पष्टीकरण बऱ्याच अभ्यासकांनी दिलंय. कार्ल्याचा घडा आणि वेदीबंधातला कुंभ यांच्यात सरळ वारसा दाखवता येणार नाही; एक खांबाचा पाय आहे, दुसरा भिंतीचा. पण ओझं जमिनीला टेकतं तिथे घडा ठेवायचा ही कल्पना आपल्या घाटमाथ्यावर इतकी जुनी आहे, एवढं खरं. सातव्या-आठव्या शतकापर्यंत खूर, कुंभ, कलश, कपोताली हा क्रम उत्तर आणि पश्चिम भारतात पक्का झाला आणि पुढे शेकडो वर्षं हलला नाही.

मापांकडे वळू. पंधराव्या शतकात मेवाडला, राणा कुंभाच्या आश्रयाने, सूत्रधार मंडन याने 'प्रासादमंडन' रचलं. त्यात भिंतीच्या उंचीचे, म्हणजे मंडोवराचे, १४४ भाग करायला सांगितले आहेत. खालून वर: खूर ५, कुंभ २०, कलश ८, अंतरपत्र अडीच, कपोताली ८, मंची ९, जंघा ३५, उद्गम १५, भरणी ८, शिरावटी १०, पुन्हा कपोताली ८, पुन्हा अंतरपत्र अडीच आणि माथ्यावरचं कूटछाद्य १३. बेरीज करून पाहा, बरोबर १४४ येते.

हा आकडा फुटा-इंचात विचार करणाऱ्याला फार सोयीचा आहे. भिंत १२ फुटांची धरली तर १४४ इंच, म्हणजे एक भाग एक इंच. खूर ५ इंच, कुंभ २० इंच, कलश ८ इंच. खुरापासून कपोतालीपर्यंतचा वेदीबंध साडेत्रेचाळीस इंच, म्हणजे ३ फूट साडेसात इंच. मीटरमध्ये हवं तर भिंत ३६० सेंटिमीटर धरा, एक भाग अडीच सेंटिमीटर. कुंभ अर्ध्या मीटरचा होतो आणि सगळा वेदीबंध १०८.७५ सेंटिमीटर. आता जंघेशी तुलना करा. जंघा ३५ भाग, वेदीबंध साडेत्रेचाळीस. ज्या पट्ट्याचे फोटो निघतात, ज्यावरच्या सुरसुंदरींवर लेख लिहिले जातात, तो पट्टा त्याच्या खालच्या 'जोत्या'पेक्षा कमी उंचीचा आहे! भिंतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा वेदीबंधाचा, आणि मंची त्यात धरली तर तिसऱ्याहूनही जास्त.

हे भाग घेऊन कुणी थेट अंबरनाथला मोजायला गेलं तर मात्र निराशा होईल. तिथला शिलाहारांचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा. मंडन त्याच्यानंतर जवळपास ४०० वर्षांनी आणि बराच उत्तरेला. शिवाय अंबरनाथ आणि गोंदेश्वर ही भूमिज शैलीची, म्हणजे नागरातल्याच एका वेगळ्या शाखेची, देवळं. त्यांचे कारागीर मंडनाची पोथी वाचत नव्हते. पोथीतली मापं म्हणजे एका परंपरेने आपल्या कामाचा काढलेला आदर्श. त्यांचा उपयोग शिक्का मारायला नव्हे, प्रमाण समजायला करावा. कुंभ कलशाच्या अडीचपट, अंतरपत्र कलशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी, हे एकदा डोक्यात बसलं की समोरच्या देवळातला कारागीर कुठे वेगळा गेला ते दिसू लागतं.

पिठाचीही अशीच वाटणी आहे. सगळे थर असलेल्या महापिठाचे ५३ भाग: जाड्यकुंभ (तळाचा, खाली फाकलेला थर) ९, कर्णिका ७, ग्रासपट्टी (सिंहमुखांची पट्टी) ७, गजथर १२, अश्वथर १०, नरथर ८. हत्तीला १२, घोड्याला १०, माणसाला ८. वर जाऊ तसं वजन हलकं होत जातं. 'थर' हा शब्द इथे शास्त्रातून आलाय पण मराठी माणसाला तो गोविंदांमुळे समजावून द्यावा लागत नाही, सगळ्यांत तगडे खाली. ऐपत नसेल तर प्राण्यांचे थर गाळायचे, जाड्यकुंभ, कर्णिका आणि ग्रासपट्टी ठेवायची, ते कामदपीठ. त्याहून साधं कर्णपीठ, त्यात ग्रासपट्टीही नाही. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराला या रांगेतल्या हत्तींचा आकार इतका वाढलाय की त्यांनी देऊळ खरोखर पाठीवर घेतल्यासारखं वाटतं. हळेबीडला होयसळांनी हत्ती, सिंह, वेली, घोडेस्वार, पुराणकथा, मकर, हंस असे थरांवर थर चढवले. थक्क व्हायला होतं, पण एक कबूल करायला हवं: तिथे अंतरपत्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि चार पावलं मागे आलं की सगळे थर एक होतात.

दक्षिणेत याच भागाला अधिष्ठान म्हणतात. हा शब्द मराठीत भाषणांमध्ये नैतिक आणि वैचारिक होऊन बसलाय, पण मुळात तो अगदी दगडी आहे: खाली उपान, त्यावर जगती, त्यावर कुमुद, मग कंठ, पट्टिका किंवा कपोत. कुमुद म्हणजे साधारण आपल्या कलशाच्या जागचा थर. गोल असेल तर वृत्तकुमुद, तीन पैलूंचा असेल तर त्रिपट्टकुमुद. सापळा आहे तो 'जगती' या शब्दात. नागर परंपरेत जगती म्हणजे चालायचा ओटा आणि द्राविड परंपरेत जगती म्हणजे अधिष्ठानातला एक थर. कोल्हापूर, सोलापूर भागातल्या देवळांवर लिहिताना दोन्ही शब्दसंच मिसळले जातात आणि वाचणारा ओटा शोधत बसतो. लिहिताना कुठली परंपरा धरली ते पहिल्याच परिच्छेदात सांगावं, एवढाच उपाय.

वेरूळच्या कैलासाला 'आधी कळस, मग पाया' म्हणतात ते शब्दशः खरं आहे. डोंगर वरून खाली कोरत आणला. त्यामुळे तिथला तळचा भाग, हत्तींच्या रांगेसह सुमारे २५ फूट उंचीचा, सगळ्यांत शेवटी मोकळा झाला. बांधलेल्या देवळात खुराची पातळी चुकली तर चूक वर सरकत जाते. कैलासात वर झालेली चूक खाली येऊन साठते, आणि तळाला दगड संपला तर नवा आणता येत नाही.

बांधकामात थरांचा आणखी एक व्यवहारी अर्थ आहे. प्रत्येक थर म्हणजे सहसा दगडाची एक वेगळी ओळ. खूर एक ओळ, कुंभ एक, कलश एक. दोन ओळींमधला आडवा सांधा बरोबर आकार बदलतो तिथे, म्हणजे सावलीत येतो. डोळ्याला सांधा दिसत नाही, थर दिसतो. यादवकाळातल्या घडीव दगडी कामात चुना न घालता दगड दगडावर बसवलेला असतो, तेव्हा सांधे लपवायची ही युक्ती फारच कामाची. वजनाचा अंदाज हवा असेल तर ५० सेंटिमीटर उंच, ६० खोल आणि ९० लांब असा कुंभाचा एक चिरा धरा. बसाल्टचं वजन घनमीटरला सुमारे २.८ टन, म्हणजे हा एक चिरा पाऊण टनाचा. तो भिंतीत आत किती गेलाय यावर वरच्या कपोतालीचा तोल टिकतो. पुढे झुकणाऱ्या दगडाचं शेपूट पुढच्या भागापेक्षा जड हवं. नाहीतर वरचं ओझं बसण्याआधीच तो पुढे कलंडतो.

काम करण्याचा क्रम असा. तळाच्या खरशिलेवर, म्हणजे पायाच्या दगडी थरावर, पूर्ण तळविन्यास दोरीने आखून घ्यायचा: मधलं भद्र, कोपऱ्यातला कर्ण, त्या दोहोंमधले प्रतिरथ. मग प्रत्येक थर त्या रेषेच्या किती पुढे येणार, म्हणजे त्याचा निर्गम, ठरवायचा. प्रत्येक थराचा पूर्ण मापाचा छेद काढून त्याचा पत्र्याचा फर्मा कापायचा, आणि चिऱ्याच्या दोन्ही टोकांना तोच फर्मा लावून टाकीने आकार उतरवायचा. दोन्ही टोकं जुळली की मधला भाग सरळ पट्टी लावून काढता येतो. ओळ बसवली की गुण्या, ओळंबा आणि पाणसळ. पुढची ओळ त्यानंतरच. बारीक नक्षी मात्र पुष्कळदा दगड जागेवर बसल्यावर पूर्ण करत. म्हणूनच जुन्या देवळांत एखाद्या कोपऱ्यात चंद्रशालांची नुसती गोल-त्रिकोणी आखणी होऊन राहिलेली दिसते.

कोपऱ्याला सर्वांत जास्त चुका होतात. घरातलं लाकडी स्कर्टिंग कोपऱ्यावर दोन पट्ट्या ४५ अंशात कापून जोडतात. दगडात तसं केलं तर दोन्ही बाजूंना पातळ धार येते आणि पहिल्या धक्क्याला उडते. दगडात कोपरा एकाच चिऱ्यात कोरायचा असतो, सांधा कोपऱ्यापासून थोडा दूर, सपाट भागावर. हल्लीच्या ग्रॅनाइटच्या कामांत मशीनवर लांबच्या लांब पट्ट्या काढून कोपऱ्यावर तिरप्या कापून चिकटवतात. वर्षभरात तिथे रेझिनची पिवळी रेघ उमटते, मग टवका निघतो.

आजच्या आरसीसी देवळांत वेदीबंध लावला जातो, बांधला जात नाही. भिंत आधी उभी, मग तिच्यावर साच्यातून काढलेले थर चिकटवायचे. त्यात वाईट काही नाही, पण तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली: खर्च वाचवायला सगळ्या थरांचा निर्गम सारखा ठेवतात. मग सावली पडत नाही आणि वेदीबंध भिंतीवर आडव्या रेघोट्या ओढल्यासारखा दिसतो. दुसरी: कपोतालीच्या खालच्या पृष्ठाला, कडेपासून थोडं आत, पाणी तोडणारी खाच ठेवत नाहीत. जुन्या कपोतालीचं टोक आत वळलेलं असतं त्यामुळे थेंब तिथेच सुटून खाली पडतो. सपाट तळ असला की पाणी चिकटून आत जातं, भिंतीवरून ओघळतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात कलशावर हिरव्या-काळ्या झिपऱ्या दिसतात. सेंटिमीटरभर रुंदीची एक खाच एवढाच इलाज आहे, पण ती साच्यातच हवी. तिसरी चूक प्रमाणाची: बारा फुटांच्या भिंतीला फूटभर उंचीचा वेदीबंध. चारही थर त्यात कोंबलेले असतात आणि कुंभ पाच-सहा इंचांचा होतो. त्यापेक्षा दोनच थर घेऊन ते मोठे करावेत. जुन्या कारागिरांनीही ऐपतीप्रमाणे थर गाळले. प्रमाण मात्र सहसा गाळलं नाही.

जुन्या देवळाच्या वेदीबंधाचा आजचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे फरशी. दर दहा-वीस वर्षांनी आवारात नवं काम निघतं. आधीचा कोबा उखडत नाहीत, त्यावरच चार इंचांचा थर, पुढच्या वेळी त्यावर पेव्हर ब्लॉक. जिथे पीठ नाही किंवा ते आधीच गाडलं गेलंय, अशा देवळाला दोन खेपांत खूर जमिनीखाली जातो. मग कुंभ थेट फरशीतून उगवल्यासारखा दिसतो आणि सगळं देऊळ बसकं, पाय नसलेलं वाटू लागतं. कारण मात्र कुणाला सांगता येत नाही. नुसतं दिसण्याचं प्रकरणही नव्हे हे. टणक फरशीवर आपटलेला पावसाचा थेंब फूट-दीड फूट उडतो. तो मार साध्या दगडाने झेलावा म्हणून खाली साधा खूर होता. आता तो कुंभावरच्या कोनाड्यातल्या देवतेच्या चेहऱ्यावर बसतो. काँक्रीटखालचं पाणी वर उडून जाऊ शकत नाही, ते भिंतीच्या आतल्या दगडगोट्यांच्या भरावात शिरतं, वर चढतं, आणि सुकताना बरोबरचे क्षार सांध्यांशी सोडून जातं. त्यातून पापुद्रे निघतात. सांध्यात सिमेंट भरलं असेल तर पाण्याला सांध्यातून बाहेर यायला वाट उरत नाही आणि ते दगडाच्याच पृष्ठातून निघतं. म्हणजे फुकट जाणारा सांधा वाचला आणि कोरीव दगड गेला.

आवाराचं काम करायचंच असेल तर आधी जुना थर काढावा, भिंतीलगत दोन-तीन फुटांचा पट्टा काँक्रीट न टाकता खडीचा ठेवावा आणि पुढच्या फरशीला दर १० फुटांना दीड इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. स्मारक केंद्राकडून संरक्षित असेल तर भोवतालचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे खूर उघडा करायला म्हणून कुदळ मारणंही परवानगीशिवाय चालत नाही आणि ते बरंच आहे. गाडलेल्या खुराशी कधी कधी जुनी पातळी, जुनं गटार, पडलेले चिरे असतात, ते नोंदवून काढायचे असतात.

बाकीचे अपराध लहान पण चिवट. ऑइलपेंटचे थर अंतरपत्रात साचून खाच भरते आणि सावली मरते. पिंपळाचं रोप नेमकं अंतरपत्रातच रुजतं, कारण माती तिथेच अडते. ते उपटलं तर मुळाबरोबर चिरा सरकतो. बुंध्याशी कापून, मूळ मारून, सुकल्यावर हळूच काढणं हे जाणकाराचं काम. आणि पडलेलं देऊळ पुन्हा रचताना क्रम चुकतो. कपोतालीचा दगड उलटा बसवला तर तो जाड्यकुंभासारखा दिसतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं ध्यानात येत नाही. चंद्रशालेची कमान पालथी दिसली की समजावं.

औंढा नागनाथला हे सगळं उलट्या बाजूने पाहता येतं. तिथे खालचा भाग यादवकाळातल्या कोरीव दगडाचा आणि वरचं शिखर नंतर पुन्हा बांधलेलं, गिलाव्याचं. वरचं गेलं, खालचं राहिलं. पुण्यात शनिवारवाड्याचंही तसंच. १८२८ च्या आगीत इमारती गेल्या, आज आपण तिकीट काढून पाहतो ती बहुतांशी जोतीच.

स्वतः वेदीबंध वाचायचा तर वही, सहा फुटी टेप, ओळंबा आणि एक सरळ काठी पुरते. हात न लावता काम करायचं, दगडावर खडूची रेघही नको. भद्र किंवा कर्णाचा सपाट भाग निवडायचा. काठी कपोतालीच्या पुढे आडवी धरून तिच्यावरून ओळंबा सोडायचा. मग खालून वर, प्रत्येक आकार बदलतो तिथे, दोन आकडे लिहायचे: जमिनीपासून उंची आणि दोरीपासून दगड किती आत. गोल भागावर दर दोन सेंटिमीटरला नोंद घ्यायची. घरी येऊन आलेखाच्या कागदावर बिंदू जोडले की छेद तयार. रुंदी कुठल्या थराशी मोजली ते न विसरता लिहायचं. खुराशी मोजलेली आणि जंघेशी मोजलेली रुंदी यांत दोन्ही बाजूंचे निर्गम मिळून चांगलाच फरक पडतो आणि छापील नकाशांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथेच असतं. पहिली उंची संशयास्पद कमी आली, खूर दोन-तीन इंचांचाच भरला, तर तो गाडला गेलाय असं धरून शेजारी 'सध्याची फरशी' अशी टीप टाकायची आणि कुंभाच्या तळापासून नव्याने मोजायचं.

उजेडाची वेळही पाहायला हवी. भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन वरून येतं, तेव्हा कपोतालीची सावली थेट कुंभापर्यंत उतरते आणि कलश गायब होतो. पूर्वेची बाजू सकाळच्या शेवटी आणि पश्चिमेची दुपार कलायला लागताच पाहावी, ऊन भिंतीला घासून जात असताना. उत्तरेच्या भिंतीला ऊन जेमतेम मिळतं; सिन्नरच्या अक्षांशावर सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला जातो तो साधारण २० मेपासून २३ जुलैपर्यंतच, आणि त्यातला बराचसा काळ ढगांत जातो. म्हणून उत्तरेच्या थरांसाठी मेचा शेवटचा आठवडा धरावा, पाऊस सुरू व्हायच्या आत, सकाळी आठ-नऊच्या सुमारास. ऊन ईशान्येकडून तिरकं सरकत येतं आणि आधी कण्यांच्या धारा उजळतात, मग कुंभाचे खांदे; अंतरपत्र तेवढं काळं राहतं.